गाडीला पिकअप नाही

तिने गाडीची किल्ली मिस्त्रींच्या टेबलावर आपटली. चहाचा कप हिंदकळला.

"सर्व्हिसिंग होऊन आठ दिवस झाले नव्हते," ती म्हणाली. "आणि ऐन चढावर गाडी ढिम्म! पेडल पुढे जाईना एवढं दाबलं होतं मी. सीटवर बाबा वाकडे होऊन पडलेले, मागून हॉर्नवर हॉर्न."

मिस्त्रींनी कप बाजूला सरकवला. "आता कसे आहेत?"

"उजवा हात गेला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर..." वाक्य तिने तिथेच सोडलं. "काय केलंत तुम्ही गाडीचं, ते सांगा."

तीन आठवडे ती हा राग घेऊन फिरत होती. निम्मा मिस्त्रींवर, निम्मा स्वतःवर. परगावाहून धावत आलेल्या दादाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांदेखत तिला सुनावलं होतं, "तू चालवत होतीस ना? मग झालंच." घरात तिचं नावच मालगाडी. गाडी तिच्याखेरीज कोणी चालवत नसे, आणि तिने कधी कोणाला ओव्हरटेक केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तीही हसण्यावारी न्यायची. आपण मुळातच भित्रट, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढून उजेडात धरला, परत बसवला. प्लग पाहिले. इंजिनापाशी उभं राहून हाताने अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली, तसं इंजिन गुरगुरत चढलं आणि शेडचा पत्रा थरथरला.

"गाडी ठणठणीत आहे, ताई. उगाच माझ्या कामाला नावं ठेवू नका."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं कुठे म्हणतोय मी?" आता त्यांचाही आवाज चढला. "पेडलखाली ठोकळा ठेवून गाडी चढावर घातलीत, तर निम्म्या पेडलने तिला जोर कुठून येणार?"

"कसला ठोकळा?"

मिस्त्री तिच्याकडे पाहतच राहिले. मग ड्रायव्हरच्या दारापाशी उकिडवे बसले आणि पायाखालचं मॅट उचललं. अ‍ॅक्सिलरेटरच्या मागे, दोन स्क्रूंनी पक्का केलेला, काळा रबरी ठोकळा होता. त्यांनी हाताने पेडल दाबलं. ते निम्म्यावर येऊन ठोकळ्याला टेकलं.

"तुम्हाला माहीत आहे असंच धरून चाललो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "वडिलांनी बसवून घेतला. तुम्ही शिकत होता तेव्हा. म्हणाले, सरावली की काढू. पुढे मी दोनदा विचारलं. म्हणाले, राहू दे, तिला सवय झालीय."

"काढा."

स्क्रू गंजले होते. ते सुटेपर्यंत ती तिथून हलली नाही.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. मिस्त्रींनी मान वर केली नाही.

पहिल्याच सिग्नलला तिने सवयीने पाय दाबला आणि गाडी उसळली. तिने करकचून ब्रेक मारला. मग पुन्हा पेडल दाबलं.

घरी दादा बाबांना चमच्याने सूप भरवत होता. वळूनही न बघता त्याने विचारलं, "काय म्हणाला मिस्त्री? गाडीत काही नव्हतंच ना?"

"नाही. ठणठणीत आहे."

"बघ, मी म्हटलं होतं. गाडीवर खापर फोडायचं आणि मोकळं व्हायचं. त्या दिवशी जरा दाबली असतीस ना..."

"दाबली होती!" ती ओरडली. "का पळाली नाही, ते बाबांना विचार."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्यांना बोलता येतं का?"

"विचार म्हणते ना!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा डावा हात चादरीवर चाचपडला. ओठ हलले, तोंडातलं सूप हनुवटीवर ओघळलं. घशातून एक आवाज वर आला, बुडाला, पुन्हा वर आला.

"मी," बाबा म्हणाले.

दादाच्या हातातला चमचा पडला. "बोलले! अगं, बाबा बोलले!" त्याने त्यांचे खांदे धरले. "पुन्हा एकदा, बाबा. म्हणा, मी."

"मी," बाबा म्हणाले. ते दादाकडे पाहत नव्हते. "मी... मी."

दादा डोळे पुसत, फोन आणायला आत धावला. सगळ्यांना कळवायला हवं होतं.

"ऐकलंस ना तू?" तो आतून ओरडला.

"ऐकलं," ती म्हणाली.

वाटीशेजारी रुमाल पडलेला होता. बाबांची हनुवटी अजून ओलीच होती. ती उभीच राहिली.