ठेंगणीचं बी

आटपाडीकडच्या आमच्या माळावर ठेंगणी नावाची ज्वारी व्हायची. ज्या मुरमात दुसरं काही उगवायला तयार नसायचं, तिथं ही कमरेएवढी ज्वारी एका पावसावर कणीस धरायची. दाणा बारीक, कडबा आखूड. कडेगावकडचे ऊसवाले पाहुणे आमच्या भाकऱ्या बघून हसायचे. हसू देत. आम्ही तिच्यावरच लहानाचे मोठे झालो.

एकाहत्तरच्या सुगीला मानसिंग नावाचा तरुण आमच्या गावात आला. हा आष्ट्याचा, बागायतदाराचा मुलगा, शेतकी शिकून ज्वारीच्या संशोधनाला लागलेला. भर दुपारी बांधावर बसून ज्वारीच्या ताटांकडे बघत राहायचा. ऊन डोक्यात गेलंय म्हणून आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. तो मात्र सांगायचा, ही ज्वारी उन्हात पानं गुंडाळून घेते आणि संध्याकाळी उलगडते. पाऊस लांबला तर मरत नाही, वाढ थांबवून नुसती उभी राहते आणि ओल मिळाली की पुन्हा वाढायला लागते. असली जात नव्यानं घडवायची म्हटली तर चार पिढ्या जातील म्हणायचा. त्यात नवल काय? आमच्या त्याहून जास्त गेल्या होत्या.

बी चांगलं हवं तर हरणाबाईकडे जा, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. हरणाबाई ही आमच्या वाडीतली म्हातारी विधवा. उभ्या पिकातनं ती स्वतः कणसं निवडायची, त्यांची जुडी बांधायची आणि चुलीच्या वर आढ्याला टांगायची. एकदा टांगलेली जुडी पेरणीलाच खाली यायची. मध्ये तिला कुणी हात लावायचा नाही.

"मावशी, मूठभर बी द्या," मानसिंग म्हणाला. "आमी डब्यात घालून जपतो, अधनंमधनं थोडं पेरून ताजं करतो. हितलं गेलं तर तिथलं ऱ्हाईल."

"हितलं कशानं जाईल?"

"दुष्काळ पडंल, कीड लागंल. काय सांगावं?"

"पावनं, तसलं वंगाळ बोलू नगासा. आमचं बी पेरायला सोडून उंबऱ्याभाईर जात न्हाई. माज्या सासूनं सांगितलंय, तिला तिच्या सासूनं."

तिनं नाही म्हटल्यावर गावात दुसरं कोण देणार? आम्हीही हात वर केले. खरं तर त्यानं रानातनं एक कणीस मोडून खिशात घातलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मानसिंग सरळ माणूस. विचारून मिळालं नाही म्हणून रिकाम्या हातानं गेला. त्याच्या त्या सरळपणाचा मला अजून राग येतो.

त्या सुगीनंतर पाऊस आला नाही. ठेंगणीलाही एक पाऊस तर लागतोच. पावसाच्या आशेवर थोडं बी पेरलं, ते मातीत वाळून गेलं; बाकीचं टांगलेलंच राहिलं. पुढच्या साली तर आभाळाकडे बघायचंच आम्ही सोडून दिलं. घरोघरी टांगलेल्या जुड्या खाली आल्या आणि जात्यात गेल्या. आमच्या घरचीही गेली. लेकरं रडत असताना वर बी टांगून ठेवण्याएवढं आमचं काळीज घट्ट नव्हतं.

हरणाबाईचं होतं.

तिचा मुलगा सिद्धू मेंढरं घेऊन नदीकाठाकडे गेला होता. घरात ती, सून तानुबाई आणि नुकतं पाऊल टाकायला लागलेली नात बनू. गावातल्या सगळ्यांबरोबर त्याही तलावाच्या सरकारी कामावर निघाल्या. कामावरच पाल ठोकून राहायचं होतं. निघताना हरणाबाईनं उंदरांच्या भीतीनं जुडीभोवती घोंगडं गुंडाळलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

कामावर रेशनला लाल मिलो मिळायचा, परदेशातनं आलेली ज्वारी. मोठी माणसं ती कशीबशी गिळायची. बनूच्या पोटात ती ठरेना. तानुबाईचं दूधही आटलेलं. पोर हगवणीनं इतकी वाळली की तिच्याकडे बघवेना.

"आत्या, घरनं दोन मुठी ठेंगणी आना," तानुबाई सासूला म्हणाली. "पातळ आंबील करून पाजते. तिच्या पोटात ऱ्हाईल."

"बी हाय त्ये."

"पोरगी तुमचीच हाय न्हवं?"

"माजीच हाय. म्हनूनच म्हंते. आज दोन मुठी, उद्या दोन मुठी. मग पाऊस पडल्यावर काय धोंडं पेरायचं? उद्याच्याला हिनं खायाचं काय?"

तानुबाईनं पुन्हा मागितलं, पाया पडून मागितलं. म्हातारी हलली नाही. बनू गेली. आंबिलीनं ती वाचली असती की नाही, हे डॉक्टरच जाणे, आणि डॉक्टर तिथं नव्हता. हरणाबाई ऊर बडवून रडली. तिची माया खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. खोटी असती तर मला तिला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

त्र्याहत्तरला पाऊस पडला. आम्ही गावात परतलो. रान भिजून तयार होतं आणि पेरायला कुणाकडे दाणा नव्हता. दगडाच्या काळजाची म्हणून जिला आम्ही नावं ठेवली, त्याच हरणाबाईच्या दारात सगळा गाव पदर आणि पटका पसरून उभा राहिला. लाज वाटत होती, तरी उभे राहिलो. मानसिंगही आला. आसपासची गावं पालथी घालून आला होता. ठेंगणी कुठंच उरली नव्हती. सगळ्यांनी खाल्ली होती.

"हितं हाय," हरणाबाई म्हणाली. तिचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. "पावनं, आता तुमालाबी दीन. समद्यांस्नी दीन."

मेंढरं घेऊन परतलेल्या सिद्धूनं जुडी खाली काढली. "लय हलकी लागती गं आये," तो म्हणाला.

घोंगडं सोडलं. कणसं शाबूत दिसत होती, दाणे जागच्या जागी. मानसिंगनं एक दाणा चिमटीत धरला आणि त्याचं पीठ झालं. दुसरा धरला, त्याचंही पीठ. प्रत्येक दाण्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. हरणाबाईच्या पदरात टोके, धान्यातले ते बारीक किडे, वळवळत पडले.

"चूल किती दिस बंद हुती?" मानसिंगनं विचारलं.

सगळ्यांनी गार चुलीकडे पाहिलं. रोजच्या चुलीचा धूर त्या बियाण्याला राखत होता. घराला कुलूप लागलं आणि चूल विझली, तेव्हा बियाण्याला राखणदारच उरला नाही. हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. तिनं बी उंदरापासून राखलं, चोरापासून राखलं, आपल्या नातीपासून राखलं.

मानसिंगनं आशा सोडली नाही. त्यातल्या त्यात धड दिसणारे दाणे वेचून त्यानं ओल्या पोत्यात गुंडाळले आणि अंकुराची वाट बघत गावातच राहिला. हरणाबाई त्या पोत्याजवळनं उठेना. जेवायला बोलावलं तरी उठेना. शेवटी त्यानं पोतं उघडलं, तेव्हा बुरशीचा वास आला. एकाही दाण्याला मोड नव्हता.

"दुसरीकडं कुटं असंल की," हरणाबाई म्हणाली.

"न्हाई मावशी. मी समदीकडं बघून आलो."

तिनं ते दाणे पुन्हा पोत्यात गुंडाळले. मग तिनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं.

"मग माजी बनू कशापायी गेली रं?"

तलावावरनं आल्यापासून तानुबाईनं लेकीचं नाव काढलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

"तुमी न्हाई म्हनाला म्हनून, आत्या."