दोन पोरं, एक सीट

‘मांडी आईची गं, सायीहून मऊ,
तिथं निजलं बाळ, नको मना भिऊ…’

तिची मावशी घरभर वावरताना हे गुणगुणायची. लहानपणी ऐकलेला तो आवाज आज विमानतळाबाहेर, टॅक्सीच्या रांगेत, गोळूच्या आईला आठवला आणि नकोसा झाला. तिच्या कडेवर दीड वर्षाचा गोळू चुळबुळत होता, चार वर्षांची चिमणी सूटकेसवर बसून टाचा आपटत होती आणि नवरा दर मिनिटाला घड्याळ बघत होता. अकराला सासऱ्यांना ऑपरेशनसाठी आत नेणार होते. त्याआधी नातवंडं डोळ्यांना दिसावीत, एवढंच त्यांचं मागणं. दहाला दहा कमी होती, आणि दवाखाना पाऊण तासावर.

टॅक्सी आली. चालवणारी पन्नाशीची बाई होती. तिनं आधी पोरांकडे पाहिलं, मग सामानाकडे.

“पोरांना पट्ट्यानं बांधून बसवायची एकच सीट आहे माझ्याकडे. ती थोरलीला होईल. धाकट्याची आमच्या टॅक्सींच्या शेडमधून मागवते, वीस मिनिटं लागतील.”

“वीस मिनिटं? अहो बाई, आम्हाला पाळणाघर नाही काढायचं, शहरात जायचंय,” नवरा म्हणाला. “त्याला आई घेईल की मांडीवर.”

“तसं मी नाही निघत, साहेब. ब्रेक मारला की गाडी थांबते, पोर थांबत नाही. ते धक्क्यानं सिमेंटच्या पोत्याएवढं जड होतं. कुठल्या आईचे हात धरतील?”

“आमच्या आईनं आम्हा चौघांना असंच वाढवलं.”

“खरंय. पण ज्यांचं निभावलं तेच असं सांगायला उरतात.”

मागच्या टॅक्सीवाल्यानं काचेतून मान बाहेर काढली. “या इकडे! मांडीवर घ्या नाहीतर खांद्यावर, आपल्याला चालतं.”

नवऱ्यानं लगेच दोन बॅगा उचलल्या. “चल गं. गोळूला काही होत नाही. एकदा पलंगावरून पडला तेवढंच. आता त्या पलंगालाही कठडा लावलाय मी.”

गावाहून परत आल्यावर अख्खा रविवार खपून त्यानं तो कठडा ठोकला होता. ती शेजारी उभी राहून एकेक खिळा देत होती.

टॅक्सीचं दार उघडं होतं. ती जागची हलली नाही.

“मी त्याला मांडीवर घेऊन बसणार नाही.”

“अगं, बाबा वाट बघतायत!”

“मग त्यांनाच विचारा.”

त्यानं चिडूनच फोन लावला. पलीकडून सासरे थकलेल्या आवाजात म्हणाले, “अरे, पोरांना घाईत आणू नकोस. आत जायच्या आधी दिसली नाहीत तर बाहेर आल्यावर बघीन. मी कुठं पळून जातोय?”

नवऱ्यानं बॅगा खाली ठेवल्या. मागचा टॅक्सीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

“मागवा सीट,” नवरा बाईला म्हणाला.

वाचकहो, घाई कोणाला नसते? आणि घाईत आपण सगळेच मायेवर भिस्त ठेवतो. पण आईच्या हातात माया असते, धक्का सोसण्याचं बळ नसतं. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. पोराला त्याच्या सीटवर पट्ट्यानं बांधणं, त्यासाठी वीस मिनिटं थांबणं, हीसुद्धा मायाच.

चिमणी सीटवर चढून पट्ट्याशी खेळत बसली. तो बायकोजवळ आला. ती गोळूला छातीशी आवळून उभी होती.

“काय झालंय तुला?” त्यानं हळूच विचारलं. “एवढी कशाला घाबरलीस?”

तिनं गोळूला त्याच्याकडे दिलं.

“तो पलंगावरून पडला नव्हता हो. तुम्ही गावाला होतात. शेजारच्यांच्या गाडीतून दुकानातून येत होतो, तो माझ्या मांडीवर होता. ब्रेक लागला आणि तो समोर जाऊन आपटला. दोन्ही हातांनी धरलं होतं मी त्याला. दोन्ही हातांनी.”