भिंगरीचा विझलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुनी सेंट्रिफ्यूज आहे. हे नाव जिभेवर वळत नाही, म्हणून प्रयोगशाळेत मला सगळे भिंगरी म्हणतात. माझ्या पोटात रक्ताच्या नळ्या ठेवतात आणि मी त्या गरागरा फिरवते. मग तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर पाणी वर राहतं आणि मधे पांढऱ्या पेशींचं पातळ, धुरकट कडं तयार होतं. त्या कड्यासाठीच माझा सगळा खटाटोप.

नवी होते तेव्हा काय कौतुक होतं माझं! पुढे झाकण कुरकुरू लागलं, रंग उडाला आणि ब्रेक लावलेला असला की पेटणारा दिवा गेला. "उद्या बदलू," असं जो तो म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही.

आमच्या ताई आतड्याच्या कर्करोगावर संशोधन करतात. एकदा एक शिंपीकाका रक्त द्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आतड्यातली गाठ काढायची होती. रक्त जातं कुठे ते बघायचंच, म्हणून हटून बसले. ताई त्यांना माझ्यापाशी घेऊन आल्या.

"पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी," ताई सांगू लागल्या. "आणि हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारे निरोप. ते पहारेकऱ्यांना मिळतात, तसे गाठीलाही मिळतात. कुठल्या निरोपाने पहारेकरी ढिले पडतात, ते मला शोधायचंय. त्यासाठी एकाच माणसाची गाठ हवी आणि ती अंगात असतानाचं रक्तही हवं."

"म्हणजे कापड आणि अस्तर एकाच मापाचं," काका हसले. मग हळूच म्हणाले, "माझ्या आईला हेच झालं होतं. आता मुलीची धास्ती वाटते. तिच्या कामी येईल ना गं हे?"

"धडपड त्याचसाठी आहे, काका."

त्या सकाळी कुणीतरी घाईघाईत माझा ब्रेक लावून गेलं होतं. कडं हवं असेल तर ब्रेक बंद लागतो. मी आपसूक, हळूहळू थांबले तरच थर जागच्या जागी राहतात. ताई एरवी बटण चाचपून बघतात. त्या दिवशी बोलण्याच्या नादात त्यांनी फक्त दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला, म्हणजे ब्रेक बंद, असं त्यांना वाटलं. मला सगळं कळत होतं, पण सांगू कशी? मी फिरत राहिले, काकांना वॉर्डात बोलावलं म्हणून ते गेले, आणि मी गचकन थांबले. कडं पार विस्कटून गेलं. ताईंनी पुन्हा फिरवून पाहिलं, पण हाती आल्या त्या चिमूटभर पेशी, त्याही अर्धमेल्या. हे तपासून कळेपर्यंत काकांची गाठ निघालीही होती.

माझा दिवा मात्र दुसऱ्याच दिवशी बदलला.

काही आठवड्यांनी काका मुलीला घेऊन आले. फार वाळले होते. "काय म्हणतंय आमचं रक्त?"

"वाया गेलं, काका. चूक माझीच."

"एवढंच ना? मग पुन्हा घे की!" काका बाही वर सारू लागले.

"आता गाठ निघाली, काका. तेव्हाचं रक्त आता मिळायचं नाही."

काकांचा हात तसाच पुढे राहिला. मुलीनं त्यांची बाही खाली केली आणि बटण लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या यंत्राचा दिवा गेला असेल, तर तो आजच बदला. आम्हाला ओरडता येत नाही. मी फिरत होते तेव्हा काका माझ्या झाकणावर हात ठेवून उभे होते, आणि ताईंना पुन्हा पुन्हा विचारत होते, "होतंय ना नीट?"