मागितलेलं ताक

घुसळताना दार लावायचं. बाहेरची नजर पडली तर लोणी येत नाही.

हे सासूचं, कमळाबाईचं. गावाकडचं. तिथं घराला परसदार होतं. इथं लालबागच्या चाळीत एकच दार, आणि ते दिवसा कुणी लावत नाही. घरात मयत झालं तरी नाही.

शेवंतानं लावलं.

गिरणी संपाचा आठवा महिना. सगळ्या माळ्यावर कोरा चहा. आपला नवरा गंगाधर शिवडीच्या गोदामात हमालीला जातो, असं शेवंतानं नळावर सांगून ठेवलं होतं. सासूलाही तेच. जात होता गिरणीत, मागच्या गेटनं. कुणाला कळलं तर चाळीत राहणं नाही.

दूध ती भायखळ्याहून आणायची, पिशवीत मेथीखाली. साय साठवायची. गोकुळाष्टमीला देवापुढचं लोणी चुकायचं नाही, हा सासूचा हट्ट.

रवी. घुर्र. घुर्र.

शेजारच्या मंजुळाच्या आणि ह्यांच्या खोलीमध्ये फक्त फळ्या. तिचा रामदास संपात, पोरं गावी धाडलेली.

लोणी येईना. कोमट पाणी शिंपडलं. येईना. सासूनं मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका नाही. नजर आहे, म्हणाली.

कडी वाजली.

"शेवंते, ताक दे गं थोडं." मंजुळा. गॅलरीभर ऐकू जाईल असं.

मागितलेलं ताक नाकारायचं नाही. घरचं दुभतं आटतं. हेही सासूचंच. दिवेलागणीनंतर देत नाहीत, पण कठड्यावर अजून ऊन होतं.

शेवंतानं खुणेनं सांगितलं, गप बसा. म्हातारीनं उठून दार उघडलं.

मंजुळानं तांब्या पुढं धरला. नजर आत, डेऱ्यावर.

"हमालीत दूध मिळतं वाटतं?"

शेवंतानं तांब्या भरला.

मंजुळा तो घेऊन घरी गेली नाही. दारोदार गेली. घ्या, गंगाधरच्या गिरणीतल्या पाळीचं ताक आहे, म्हणत. कुणी घेतलं नाही. पलीकडच्या सखुबाईनं नातवाचं तोंड फिरवलं.

म्हातारी शेवंताकडं बघत राहिली. मग तिनंच रवीची दोरी धरली.

तांब्या भरलेलाच परत आला. तो उंबऱ्यावर ठेवून मंजुळा आपल्या घरात गेली. दार लावलं. मग सखुबाईचं लागलं. मग त्यापुढचं. दिवसाढवळ्या.

डेऱ्यात लोणी आलं होतं.

गंगाधर जिना चढून आला. अख्ख्या माळ्यावर एकच दार उघडं होतं.