सही मोठ्या सरांची

धाकटे सर परत येणार की नाही, हे घोंगडं कॉलेजात पंधरा दिवस भिजत पडलं होतं. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे मोठे सर अखेर स्वतःच्याच गुडघ्यांपुढे हात टेकून घरी बसले आणि जाताना प्राचार्यबाईंना एकच नाव सांगून गेले. बारा वर्षं माझ्या हाताखाली होता, म्हणाले, त्यालाच बोलवा. ते सगळ्यांनाच पसंत होतं. अडून बसले होते ते खुद्द धाकटे सर.

सात वर्षांपूर्वी ‘घरगुती कारण’ असं मोघम लिहून त्यांनी कॉलेज सोडलं होतं आणि ते एका प्राथमिक शाळेत पोरांना रांगेत उभं राहायला शिकवू लागले होते. काम वाईट नव्हतं. पहिलीतली पोरं हरली तरी दोन मिनिटांत विसरतात, जिंकली तरी तेवढ्याच वेळात. घरगुती कारणाचं म्हणाल तर ते घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

खरं कारण हातभरसुद्धा लांब नव्हतं, एक चिठ्ठी होती. प्रत्येक सेटच्या आधी सहा खेळाडू कुठे उभ्या राहणार, त्यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून पंचांना द्यावे लागतात. एकदा दिली की दिली, मग जागा बदलायला ब्रह्मदेव आला तरी चालत नाही. चिठ्ठी भरायचे धाकटे सर, सही करायचे मोठे सर. त्या वर्षी अंतिम सामन्याच्या शेवटच्या सेटला धाकट्या सरांनी चार आणि सात नंबरांची अदलाबदल करून ठेवली. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. हात चुकला, बस्स. पंचांनी मुलींना चिठ्ठीप्रमाणे उभं केलं. चेंडू उचलून देणारी आणि तो मारणारी यांच्या जागा उलटल्या, बाकीच्या चौघी एकमेकींवर आदळू लागल्या आणि हातातोंडाशी आलेला चषक गेला. मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, सही माझी, चूकही माझी. साठी बुद्धी नाठी, असं लोक त्यांना तोंडावर म्हणाले. धाकट्या सरांनी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

“जायचं नसेल तर नाही म्हणा,” बायको म्हणाली. ती नर्स होती, दुपारच्या पाळीसाठी गणवेशाला इस्त्री करत होती. “पण का नाही, ते मला तरी कळू द्या.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिने इस्त्री न थांबवता ऐकून घेतलं.

“मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं, त्यांचं घर दोन स्टॉपवर आहे.”

रविवारी सकाळी ते गेले. मोठे सर बाल्कनीत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. चहा झाला, गुडघ्यांचा इतिहास-भूगोल झाला, डॉक्टरांचा उद्धार झाला. मग धाकट्या सरांनी कप खाली ठेवला.

“सर, ती चिठ्ठी मी चुकीची भरली होती. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केलीत.”

मोठे सर त्यांच्याकडे बघत राहिले. “म्हणजे ती युक्ती नव्हती?”

“कसली युक्ती?”

“मी वाचली होती रे चिठ्ठी. चार आणि सात उलटे दिसले मला. वाटलं, तुझं काहीतरी नवीन असणार. शेवटची दोन वर्षं डावपेच तुझेच होते, मला त्यातले निम्मे कळायचे नाहीत. तिथे टेबलापाशी विचारलं असतं तर चारचौघांत दिसलं असतं, म्हाताऱ्याला कळत नाही म्हणून. केली सही.” त्यांनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. “वाटलं, तुझी युक्ती मला मुलींना समजावता आली नाही, म्हणून तू चिडून गेलास. सात वर्षं शोधतोय मी ती युक्ती. कागदावर कितीदा मांडून पाहिलं.”

धाकट्या सरांना राग आला, आणि चांगलाच आला. एका प्रश्नापायी सात वर्षं गेली होती. हा माणूस तेव्हा नुसतं ‘हे काय?’ म्हणाला असता तरी पुरलं असतं. पण मग त्यांना वाटलं, आपणही दोन स्टॉपवरच राहत होतो की. राग गेला नाही, फक्त निम्मा स्वतःकडे वळला.

तिथूनच त्यांनी प्राचार्यबाईंना फोन लावला. आधी चिठ्ठीचं सांगितलं, सारवासारव न करता. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, पण पुढच्या सोमवारपासून येताय ना? ते हो म्हणाले.

“जिना उतरता येतो का तुम्हाला?” फोन ठेवून त्यांनी मोठ्या सरांना विचारलं.

“धरून धरून येतो. का?”

“सोमवारी चार वाजता न्यायला येतो. बाकावर माझ्या शेजारी बसायचं. मी लिहीन ते वाचायचं, आणि कळलं नाही की विचारायचं.”

मोठ्या सरांनी गुडघ्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली.

“मुलींसमोर?”

“मुलींसमोर,” धाकटे सर म्हणाले. “मोठ्याने.”