हंबीररावानं शिंगं रंगवली

हंबीरराव चित्रकार झाला, ह्ये आमच्या गल्लीला कळलं ते त्येच्या बोलण्यावरनं. गड्यानं जल्मभर म्हशी धुतल्या, धारा काढल्या, शिवाजी पेठेत घरोघर दूध घातलं. कागदावर कावळा काढला असता तर त्यो कावळा हाय का किटली, ह्ये खाली लिवाय लागलं असतं. आणि रंकाळ्याकडच्या कुठल्याशा हॉलात दोन रविवार जाऊन आला, नि माझ्या पेंडीच्या दुकानात बसून मलाच सांगाय लागला, की तात्या, तुमच्या पाटीला बेस न्हाय, म्हंजी रंगाखालचा थर.

क्लास नवशिक्यांचा. शिकवणारा विश्वजित म्हणून एक पोरगा, केसांचा बुचडा बांधलेला. म्होरं सगळ्या बाया नि कॉलेजच्या पोरी, आणि मधी ह्यो, मिशीला पीळ देऊन, ॲप्रन बांधून. त्येनंच मला फोटू दावला. ॲप्रनवर सूर्यफूल होतं.

तिथनं आणलेलं ज्ञान असं. ॲक्रेलिकचा रंग लगीच वाळतोय, म्हणून ब्रश पाण्याबाहेर ठेवायचा न्हाय. जाड थापायचं न्हाय, पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. आणि काळा रंग ट्यूबमधनं तसाच घ्यायचा न्हाय, निळ्यात तपकिरी कालवून करायचा. ह्ये ऐकलं नि मी त्येला गोठ्यात न्हेलं. म्हटलं, ह्या म्हशीत निळं कुठं हाय दाव. तर म्हणतोय, उजेडाकडनं बघा. बघितलं. म्हस दिसली.

ह्यो सगळा कुटाणा त्या म्हशीपायीच होता. चंद्री तिचं नाव. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून मिरवत्यात. शिंगं रंगवायची, कपाळाला मोरपीस, गळ्यात घुंगरं. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हस मागनं पळत. निघायच्या आधी गणपतराव, गल्लीतलं थोरलं माणूस, कोपऱ्यावर सगळ्या म्हशी बघत्यात नि पुढं कुणाची चालायची, तिच्याकडं बोट करत्यात. चंद्रीकडं ते बोट कधी आलं न्हाय. आणि आता ती म्हातारी झालीया, उठताना कण्हत्या. फुडच्या पाडव्याला चालंल का न्हाय, कोण सांगणार. एकदा तरी हिला पुढं बघायचं हाय, ह्ये हंबीरराव मला एकदाच बोलला, तेबी पेंडीचं पोतं खांद्यावर घेताना, दुसरीकडं बघत.

तर पाडवा उजाडला. बाकीची माणसं डब्यातला ऑइलपेंट फासत बसलेली. ह्यो त्यांच्याकडं असा बघायचा, की जणू ती शेणानंच रंगवत्यात. ह्येनं चंद्रीची शिंगं साबणानं धुतली, पॉलिशपेपरनं घासली. रंगाखाली जरा जरी तेलकट ऱ्हायलं तर ॲक्रेलिक धरत न्हाय, ह्ये त्या विश्वजितनं बजावलेलं, नि ह्येनं आमाला बजावलेलं. पाठच झालतं आमचं. आणि एवढं करून गड्यानं वाटीत शेंगतेल घेतलं नि दोन्ही शिंगांना चोळलं की.

आता का चोळलं म्हणशीला, तर आमच्यात धुतलेलं शिंग कोरडं सोडत न्हाईत. धुतलं की तेल. बघणाऱ्यातल्या एकालाबी खटकलं न्हाय, सगळ्यांचा हात तसाच चालतोय. वर पातळ भगवा हात मारला, वाळवला, दुसरा मारला, त्यावर सोनेरी पानं काढली. पानं चांगली आलती. कोण बोललं न्हाय त्येला तसं, आधीच डोक्यावर बसलेला.

कोपऱ्यावर गणपतरावांनी काठी टेकत सगळ्या म्हशी बघितल्या आणि बोट केलं. चंद्रीकडं. हंबीररावानं लगीच मोटारसायकलला किक मारली, तसा फाटक्या सायलेन्सरचा आवाज झाला. चंद्रीनं डोकं झटकलं नि शिंग शेजारी उभ्या बाळासोच्या म्हशीला घासलं. रंगाचं एक टोक उचकाटलं. बाळासोनं ते धरून वढलं, आणि गार दुधावरची साय निघावी तसा अख्खा रंग एका तुकड्यात हातात आला. सोनेरी पानांसकट. बाळासोनं त्यो टोपीगत मुठीवर चढवला.

"हंबीरा, तुझ्या म्हशीनं कात टाकली की रं."

सगळा कोपरा हसला. मी बी हसलो, खोटं कशाला बोलू. हंबीरराव हवेत दमटपणा हाय असलं कायतरी सांगाय लागला, नि गणपतरावांची नजर दुसऱ्या म्हशीकडं वळाय लागली. तवा त्येनं गाडी बंद केली.

"तात्या, हिला घरी न्हेतो मी. मला हसू द्या. हिला नगं."

त्येची बायको झुंबरबाई आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. पहाटेची धार तीच काढत्या, त्या म्हशीचं सगळं तिलाच ठावं. तिनं ताट खाली ठेवलं नि आली.

"अवो, तुमालाच हसाय लागल्यात. म्हशीला कोण हसतंय?"

दुसऱ्या शिंगाचा रंग तिनं नखानं सोलला, गटारीत टाकला, आणि पदरानं दोन्ही शिंगं पुसली. मग डोक्यावरचा पदर नीट करून गणपतरावांकडं वळली.

"मामंजी, तुमी बोट केलं ते म्हशीला का रंगाला?"

गणपतराव तिच्याकडं न्हाय, चंद्रीकडं बघत ऱ्हायलं. मग काठीनं बाळासोला बाजूला सारत म्हणालं, "वाट सोडा. निघू दे."

झुंबरबाईनं दावं हातात घेतलं नि पुढं चालाय लागली. आमच्या मिरवणुकीत बाई कधी पुढं चाललेली मी बघितली न्हाय. चंद्रीनं गाडीमागं पळायचं तर कवाच सोडलेलं, पर झुंबरबाईच्या मागं ती गोठ्यात जावं तशी निवांत निघाली. तिच्या मागं ह्यो आमचा चित्रकार, बंद गाडी ढकलत, बोटांना भगवा रंग. तालमीपर्यंत त्येनं दोनदा दावं मागितलं. तिनं दिलं न्हाय.