ठमाबाईची तीनचाकी

वडिलांना, तात्यांना, जाऊन दीड महिना झाला, तेव्हा मृणालीने त्यांची चाकांची खुर्ची पुसून शेजारच्या ठमाबाईला नेऊन दिली. ठमाबाईचा एक पाय लहानपणापासून लुळा. पण खुर्ची ढकलायला कोणीतरी लागायचं, आणि तिला सुकट विकायला किहीमच्या बाजारात जायचं होतं ते एकटीने, सुनेची मनधरणी न करता. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी तिने सरकारकडे बॅटरीची तीनचाकी मागितली होती.

ती तीनचाकी अखेर दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून दारात आली, तेव्हा ठमाबाई ओट्यावर सुकट निवडत होती, मृणाली शेजारी बसली होती आणि खुर्ची अंगणाच्या मधोमध होती.

"बाय गो, मेले! पंचायतीत सांगत व्हते, खुर्ची हाय त्याला गाडी न्हाय!" ठमाबाई दचकून म्हणाली.

लपवायला वेळ नव्हता. मृणाली धावत जाऊन स्वतःच खुर्चीत बसली. गादीला तात्यांच्या बसण्याचा खोलगटपणा अजून होता. तिने आजारी चेहरा केला. फार कष्ट पडले नाहीत.

टेम्पोतून उतरून तपासणीचे सरकारी साहेब फाइल घेऊन आत आले. "या बाईंचं नाव यादीत कसं नाही?"

"नवीनच हाय ती," ठमाबाई म्हणाली.

तेवढ्यात दुसरी गाडी. एका ट्रस्टचे गणराजशेठ, या घरी अपंग बाई आहे एवढंच ऐकून, कोरी चाकांची खुर्ची, फलक, शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन उतरले. मृणालीला पाहताच कळवळले, "अरेरे, एवढ्या तरुण वयात!"

"आधी आमची सही होऊ द्या," साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही दोन वर्षं घेतलीत, आम्हाला दोन मिनिटं द्या! घ्या ताई, शाल."

आणि मृणाली उठून उभी राहिली! ओढणी सावरून, दोन्ही हात पुढे करून. मानाची शाल बसून घ्यायची नाही, हे तात्यांनी तिच्या हाडात मुरवलं होतं.

फोटोवाल्याने फोटो काढला.

"उठलीस कशाला गो, भवाने!" ठमाबाई ओरडली.

मृणालीला हसू फुटलं. इतकं, की खांब धरावा लागला. दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसत होती. हसता हसताच तिने सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी फॉर्म उघडला. "यात सरकारने आधी काय दिलंय तेवढंच विचारलंय. शेजारणीने काय दिलं ते आम्ही कशाला विचारू? बसवा रे यांना गाडीवर."

टेम्पोवाल्याने ठमाबाईला उचलून तीनचाकीवर बसवलं.

"मग आमच्या खुर्चीचं काय? फलक छापलाय!" गणराजशेठ रडकुंडीला आले.

साहेब म्हणाले, "तळा गावचा सदा म्हणून एक जण चौदा महिने खुर्चीच्या यादीत आहे. यादी आहे, खुर्ची नाही."

"आमच्याकडे खुर्ची आहे, यादी नाही! पत्ता द्या हो!"

दोघं फाइलवर वाकले. ठमाबाईने तोवर चावी फिरवली. गाडी उसळी मारून कुंपणाबाहेर.

"अहो बाई, सही राहिली!" साहेब मागे धावले.

"बाजारात या, थितं करते!"

"ठमामावशी, सुकट!" पाटी उचलून मृणालीही धावली.

बाजार उजवीकडे होता. कोणालाही न विचारता ठमाबाई डावीकडे वळली, समुद्राकडे.